खाली गेलेल्यांचा हुर्यो: रेलिगेशन, सरासरी आणि शेजारी

"तू नेमकी कशावर पीएचडी करतेस गं?" हा प्रश्न हिंगोलीकडं गेलं की हमखास येतो. "क्रमवारी लावायच्या पद्धतींवर" असं उत्तर दिलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि विषय हळदीच्या भावावर जातो. त्यात त्यांचा काही दोष नाही. एमएस्सी संख्याशास्त्र करून ही पोरगी 'शेवटून तिसरा कोण' हे ठरवण्यात आयुष्य घालवतेय, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. म्हणून आज सूत्रं बाजूला ठेवते आणि याच कामात हाती लागलेला इतिहासाचा एक तुकडा तुमच्यापुढं मांडते. हा तुकडा आहे हरणाऱ्यांना चिडवण्याचा. खरं सांगायचं तर हरणाऱ्यांना नाही, खाली जाणाऱ्यांना. या दोन्हींत फरक आहे.

आधी तो फरक बघू. आपल्यापैकी बहुतेकांनी आयपीएल बघून बघून अशी सवय लावून घेतलीय की तळाला राहिलं तरी काही बिघडत नाही. दहावा आला, पुढच्या वर्षी लिलाव, नवी जर्सी, पुन्हा तिथंच. जगातल्या बहुतेक फुटबॉल लीगमध्ये तसं नसतं. तळाचे दोन-तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात आणि खालच्या श्रेणीतले पहिले दोन-तीन वर येतात. याला रेलिगेशन म्हणतात. आपली वर्तमानपत्रं कधीकधी 'पदावनती' लिहितात, तेव्हा एखाद्या तलाठ्याची चौकशी चाललीय असं वाटतं. मी रेलिगेशनच म्हणणार. आपल्याकडं हा प्रकार नवा नाही. मुंबईत पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून आहे आणि तिच्यात वर-खाली जाणाऱ्या श्रेणी आहेत. कोल्हापुरात केएसए लीगमध्येही तळाला राहिलं तर खालच्या गटात जावं लागतं.

कोल्हापूरचं नाव निघालंच आहे तर जरा थांबू. तिथले फुटबॉल संघ म्हणजे मूळच्या तालमी. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. संघांच्या नावात 'तालीम' असणारं हे जगातलं एकमेव फुटबॉलचं गाव असावं. आखाड्यातली ईर्ष्या पेठेपेठेनं मैदानावर आणली. मंगळवार पेठेतला माणूस शिवाजी पेठेत मुलगी देईल, पण शाहू स्टेडियमच्या गॅलरीत दोघं वेगवेगळ्या बाजूला बसतील. तिथं प्रतिस्पर्धी म्हणजे परगावचा कुणी नसतो. सकाळी एकाच गाड्यावर मिसळ खाणारा असतो तो. चिडवण्याची मजा यातच आहे, कारण उद्या सकाळी तो परत भेटणार.

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा खेळ. पण शेजाऱ्याला डिवचणं आम्हाला कुणी शिकवायला नको. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तरी 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्हाला अजून ऐकावं लागतं. उलट उत्तरही तयार असतं, ते इथं लिहीत नाही. आणि थोडं मागं गेलं तर कलगी-तुरा आहेच. शाहिरांचे दोन पंथ, कलगीवाले शक्तीला थोर मानणारे आणि तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर, रात्रभर सवाल-जवाब, टिंगल, कोडी, कोपरखळ्या. त्यात एक अट न सांगता पाळलेली असते: समोरचा फड हजर पाहिजे. या अटीकडं मी पुढं परत येणार आहे.

आता मूळ मुद्दा. संख्याशास्त्रवालीला या चिडवण्यात रस काय? तर असं की, चिडवणाऱ्यांचा हिशेब खरा असतो का, हे मला तपासायचं होतं. लोक वर्षानुवर्षं 'आम्हीच तुम्हाला खाली पाठवलं' म्हणतात. आकडे काय म्हणतात?

पहिलं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. मँचेस्टर, २७ एप्रिल १९७४. युनायटेड आणि सिटी, एकाच शहरातले दोन संघ. १९६८ मध्ये युरोपियन चषक जिंकणारा युनायटेड सहा वर्षांत पार घसरलेला, पहिल्या श्रेणीतून बाहेर पडायच्या बेतात. सामना युनायटेडच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर. शेवटची काही मिनिटं उरलेली, गोल शून्य-शून्य. सिटीच्या डेनिस लॉकडं गोलपोस्टच्या तोंडाशी चेंडू आला, पाठ गोलकडं होती, त्यानं टाचेनं मारला. गोल. हा लॉ कोण? युनायटेडकडून अकरा वर्षं खेळलेला, तिथं ज्याला लोक 'राजा' म्हणायचे तो. त्यानं आनंद केला नाही. मान खाली घातली आणि थोड्या वेळात मैदानाबाहेर गेला. प्रेक्षक मैदानात घुसले, सामना अर्धवट थांबवावा लागला, निकाल मात्र १-० असाच कायम धरला गेला. युनायटेड खाली गेला.

तेव्हापासून सिटीवाले सांगत आले: तुमच्याच राजानं तुम्हाला टाचेनं खाली ढकललं. गोष्ट इतकी देखणी आहे की ती खोटी असेल असं वाटतच नाही. पण जरा पाटी-पेन्सिल घ्या.

त्या काळी विजयाला दोन गुण होते. हंगाम संपला तेव्हा युनायटेडचे ४२ सामन्यांत ३२ गुण होते. सिटीविरुद्ध हरले, नंतर स्टोकविरुद्धही हरले. समजा हे दोन्ही सामने जिंकले असते. बत्तीस अधिक चार, छत्तीस. त्यांच्या वर, सुरक्षित राहिलेला शेवटचा संघ होता बर्मिंगहॅम सिटी. त्यांनी त्याच २७ एप्रिलला नॉरिचला हरवलं आणि त्यांचे झाले ३७. म्हणजे लॉनं टाच मारली काय आणि न मारली काय, त्या दिवशी युनायटेड वाचणार नव्हताच. लॉचा गोल नसता तरी बर्मिंगहॅमच्या निकालानं काम संपवलं होतं.

हे सिटीवाल्यांना माहीत नाही असं समजू नका. इंग्लंडमध्ये हे सगळं कितीदा छापून आलंय. तरी गोष्ट टिकली. कारण बर्मिंगहॅमचा विजय हा आकडा आहे आणि लॉची टाच हे चित्र आहे. शेजाऱ्याला चिडवायला चित्र लागतं. शिवाय बर्मिंगहॅमनं खाली पाठवलं म्हटलं तर सिटीवाल्याला त्यात काय मिळालं? श्रेय आपल्याच गल्लीत राहायला हवं. (सिटीची स्वतःची कुंडलीही काही साधी नाही. १९३७ मध्ये ते लीगचे विजेते, आणि १९३८ मध्ये थेट खाली. तेही त्या हंगामात श्रेणीत सर्वांत जास्त, ८० गोल करून! आक्रमणाचा आणि गुणतक्त्याचा संबंध किती लांबचा असतो हे शिकवायला मी हे उदाहरण वापरते.)

दुसरं उदाहरण माझं जास्त आवडतं, कारण त्यात चिडवणं आणि सरासरी एकमेकांत पुरती गुंतलेली आहेत. ब्युनोस आयर्स. रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स. दोघेही ला बोका या बंदराच्या गरीब वस्तीत जन्मले, रिव्हर १९०१ मध्ये, बोका १९०५ मध्ये. पुढं रिव्हर शहराच्या उत्तरेकडच्या ऐटीतल्या भागाकडं सरकला, १९३० च्या दशकात महागडे खेळाडू विकत घेऊन 'लक्षाधीश' म्हणवला गेला आणि १९३८ मध्ये त्यानं मोनुमेंताल हे अवाढव्य मैदान उभं केलं. बोका तिथंच राहिला. वस्ती सोडून बंगल्यात गेलेला भाऊ आणि जुन्या घरात राहिलेला भाऊ, हे नातं तुम्हाला समजावून सांगायला नको.

दोघांची चिडवायची नावं बघा. बोकावाले म्हणजे 'बोस्तेरो', शेणवाले. वस्तीजवळच्या वीटभट्टीत घोड्याची लीद वापरायचे, तिचा वास मैदानापर्यंत यायचा, अशी त्यामागची कथा. शेणानं सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला यात शिवी कुठं आहे तेच कळत नाही, पण असो. रिव्हरवाले म्हणजे 'गायिना', कोंबड्या. याला मात्र तारीख आहे. २० मे १९६६, सांतियागो, कोपा लिबेर्तादोरेसचा निर्णायक सामना उरुग्वेच्या पेन्यारोलशी. रिव्हर २-० नं पुढं होता, तिथून ४-२ असा हरला. घरी परतल्यावर बानफील्डच्या प्रेक्षकांनी मैदानात एक पांढरी कोंबडी सोडली, तिला रिव्हरच्या जर्सीसारखा लाल पट्टा बांधलेला. आपण 'भागूबाई' म्हणतो, ते 'कोंबडी' म्हणतात. गंमत पुढं आहे. दोन्ही बाजूंनी काही काळानं ही नावं स्वतःच उचलली. आज रिव्हरचा माणूस अभिमानानं स्वतःला कोंबडी म्हणतो. चिडवण्याचा दात काढायचा हा सगळ्यात जुना उपाय.

पण एक टोमणा असा आहे की जो अंगावर घेऊन गोड करता येत नाही. 'तुम्ही बीमध्ये गेला होता.'

ही गोष्ट सुरू होते १९८३ मध्ये. त्याआधी १९८१ मध्ये सान लोरेंझो हा मोठा क्लब खाली गेला होता आणि बड्यांना धास्ती बसली होती. १९८३ पासून अर्जेंटिनात रेलिगेशन त्या वर्षीच्या गुणांवर ठरेनासं झालं. मागच्या काही हंगामांचे गुण भागिले सामने, म्हणजे सरासरी काढायची आणि जिची सरासरी कमी तो खाली. याला ते 'प्रोमेदियो' म्हणतात. यामागचा विचार सोपा: मोठ्या क्लबाचं एखादं वर्ष वाईट गेलं तरी आधीची चांगली वर्षं त्याला तारतील. आणि पहिल्याच वर्षी कुणाला तारलं असेल? रिव्हरला. १९८३ मध्ये रिव्हर १९ संघांत अठरावा आला होता. जुना नियम असता तर गेलाच होता. सरासरीनं वाचला, त्याऐवजी रासिंग खाली गेला.

आता संख्याशास्त्रातली एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. सरासरी धक्के सौम्य करते, हे बरोबर. पण ती विसरतही नाही. चांगलं वर्ष जसं ती तीन वर्षं जपते, तसंच वाईट वर्षही तीन वर्षं जपते. ज्या गोधडीनं थंडीत वाचवलं ती उन्हाळ्यातही अंगावर असणार.

रिव्हरनं २००८ च्या जूनमध्ये अर्ध्या वर्षाची स्पर्धा जिंकली, दिएगो सिमेओने प्रशिक्षक होता. लगेच पुढच्या अर्ध्या वर्षात तो शेवटचा आला, १९ सामन्यांत १४ गुण. त्याच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं. २००८-०९ च्या पूर्ण हंगामात ४१ गुण, २००९-१० मध्ये ४३, २०१०-११ मध्ये ५७. शेवटचा आकडा नीट बघा. ३८ सामन्यांत ५७, म्हणजे सामन्यामागं दीड गुण, आणि ते विजयाला तीन गुण असताना. हे खाली जाणाऱ्या संघाचे गुण नाहीत, वरच्या अर्ध्यातल्या संघाचे आहेत. पण बेरीज केली तर १४१ गुण, ११४ सामने, सरासरी साधारण १.२४. तळाच्या चार संघांत. थेट खाली नाही, पण खालच्या श्रेणीतल्या बेल्ग्रानोशी दोन सामन्यांची लढत खेळणं भाग. २२ जून २०११ ला कोर्दोबात ०-२. २६ जूनला मोनुमेंतालवर १-१. पावोनेनं सुरुवातीलाच गोल केला, नंतर त्याचीच पेनल्टी अडवली गेली. शेवटच्या क्षणी दंगल, सामना थांबवला. एकशे दहा वर्षांत पहिल्यांदा रिव्हर खाली.

म्हणजे ज्या नियमानं १९८३ मध्ये वाचवलं त्याच नियमानं २०११ मध्ये बुडवलं. 'मोठ्यांना वाचवायला केलेला नियम' अशी प्रोमेदियोवर टीका होते, ती मला अर्धीच पटते. तो मोठ्यांना उशिरा बुडवतो, एवढंच. आणि उशीर झाल्यामुळं चिडवणाऱ्यांना सावकाश वेळ मिळतो! गुणतक्ता दर आठवड्याला बदलतो, सरासरी मात्र हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या दशांशात सरकते. बोकाच्या प्रेक्षकाला रिव्हरचं संकट कितीतरी महिने आधी दिसत होतं. तो घरी बसून भागाकार करत होता. दशांश अपूर्णांकाचा एवढा लोकप्रिय वापर मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

यानंतर आलं भूत. पांढरी चादर, त्यावर मोठा 'बी' काढलेला. 'बीचं भूत' म्हणून बोकाचे प्रेक्षक चादरी पांघरून गॅलरीत यायला लागले. कारण बोका स्वतः कधीच खाली गेलेला नाही. रिव्हर एका वर्षात, जून २०१२ मध्ये खालची श्रेणी जिंकून परत आला, पण भूत उतरलं नाही. सरासरी तीन वर्षांनी विसरते, शेजारी नाही.

आता कलगी-तुऱ्याची ती अट आठवा. २०१३ मध्ये लानूस संघाच्या एका चाहत्याचा मृत्यू झाल्यावर अर्जेंटिनात पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना मैदानात यायला बंदी झाली. सुरक्षेसाठी हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळं सवाल उरला आणि जवाब गेला. १४ मे २०१५, बोकाचं मैदान ला बोंबोनेरा, लिबेर्तादोरेसचा सामना. गॅलरीत एकही रिव्हरवाला नाही. मध्यंतरानंतर रिव्हरचे खेळाडू बोगद्यातून बाहेर येत असताना त्यांच्यावर तिखटाच्या फवाऱ्यासारखं काहीतरी मारलं गेलं. खेळाडू डोळे चोळत मैदानात उभे, आणि वरून एक ड्रोन आला, त्याला लटकवलेलं 'बी'चं भूत. सामना रद्द झाला, बोकाला स्पर्धेतून काढलं गेलं आणि त्या वर्षीचा चषक रिव्हरनं जिंकला.

त्या एका संध्याकाळी दोन्ही गोष्टी होत्या. ड्रोनवरचं भूत ही टिंगल, आणि मला विचाराल तर फर्मास टिंगल. फवारा ही टिंगल नाही. ज्यांनी भूत उडवलं आणि ज्यांनी फवारा मारला त्यांना एका तराजूत घालणारे लेख मी बरेच वाचलेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. मात्र एवढं म्हणेन की समोर उत्तर द्यायला कुणी नसलं की टोमण्याचं काय करायचं हे गर्दीला कळेनासं होतं. २०१८ मध्ये तर हे दोघे लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत भिडले. मोनुमेंतालकडं येणाऱ्या बोकाच्या बसवर हल्ला झाला आणि सामना थेट माद्रिदला न्यावा लागला. ९ डिसेंबरला रिव्हर ३-१ नं जिंकला. तेव्हापासून भुताला उत्तर म्हणून रिव्हरवाले ती तारीख ऐकवतात. कोल्हापुरातही दगड उडाले की पोलीस येतात, स्पर्धा थांबते. जवळच्यांची भांडणं कुठं कशी वळतील हे आधी सांगणारं सूत्र माझ्याकडं नाही.

हे झालं दूरचं. आपल्या जवळ असं काही घडलं का? घडलं, गोव्यात. २००७-०८, आय-लीगचा पहिलाच हंगाम. पणजीचा डेम्पो विजेता झाला आणि त्याच हंगामात वास्कोचा साळगावकर खाली गेला. एवढ्याशा राज्यातले दोन क्लब, तक्त्याची दोन टोकं. साळगावकर २००९-१० मध्ये परत आला आणि २०१०-११ चा विजेता ठरला. मग चक्र फिरलं. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो २०१४-१५ मध्ये खाली गेला, साळगावकर वर राहिला. इथवर ही गोष्ट मँचेस्टर किंवा ब्युनोस आयर्ससारखीच आहे, हुर्यो उडवायची पाळी दोघांनाही मिळाली.

पण पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. आयएसएलला वरची लीग करून आय-लीगला खाली ढकलायच्या महासंघाच्या आराखड्याचा तो निषेध होता. एखादा क्लब नव्हे, अख्खी लीगच रेलिगेट व्हायला निघाली होती म्हणा ना. डेम्पोनं नुकताच दुसऱ्या श्रेणीत पहिला नंबर मिळवून परतीचा हक्क कमावला होता, तो तसाच राहिला. डेम्पो आय-लीगमध्ये पुन्हा दिसला तो २०२४-२५ मध्ये. तेव्हा साळगावकर तिथं नव्हता.

मुंबईचं तर त्याहून साधं. मुंबई एफसी हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला, कूपरेजवर खेळायचा. २०१६-१७ मध्ये आय-लीगच्या तळाला राहिला, खाली गेला आणि बंदच झाला. शहरातला त्याचा मोठा शेजारी, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड, २०१० मध्येच गुंडाळला गेला होता. मुंबई एफसी खाली गेला त्या दिवशी शहरात चादर पांघरून भूत व्हायला कुणी शिल्लक नव्हतं.